तळे, वाळू आणि थेंब

जपानी उद्यानांच्या इतिहासाची एक सुबक मांडणी नेहमी केली जाते. हेइआन काळात सरदारांच्या वाड्यांपुढे तळी आणि ओहोळ होते. पुढे झेन मठांनी पाण्याची जागा वाळूला दिली. अखेर चहागृहाच्या दारी दगडी कुंडीतले ओंजळभर पाणी तेवढे उरले. विपुलतेकडून विरक्तीकडे असा हा प्रवास मोहक खरा. पण तो पुराव्यावर कितपत टिकतो?

११ व्या शतकातील ‘साकुतेइकी’ हा उद्यानरचनेवरील जपानमधील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ. ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) हा त्याचा कर्ता मानला जातो. उद्यानातून वळणे घेत जाणाऱ्या ओहोळाला ‘यारिमिझु’ म्हणतात. तो पूर्वेकडून आणून, वास्तूखालून नेऊन नैर्ऋत्येस सोडावा, असे ग्रंथ सांगतो. कारण पूर्वेच्या निळ्या ड्रॅगनचे पाणी अमंगळ धुऊन पश्चिमेच्या पांढऱ्या वाघाच्या वाटेने नेते. हिराइझुमीच्या मोत्सुजी मंदिराच्या आवारात असा हेइआनकालीन ओहोळ उत्खननात सापडला.

पण याच ग्रंथात ‘कारेसान्सुइ’ हा शब्दही आहे. तळे वा ओहोळ नसलेल्या जागी दगड रचणे, हा त्याचा तेथील अर्थ. झेन पंथ जपानात रुजू लागला तो १२ व्या शतकाच्या अखेरीस, शब्द त्याआधीचा. ग्रंथात तो उद्यानाच्या एखाद्या भागापुरता आहे, तर १६ व्या शतकाच्या आरंभी क्योतोच्या दाइसेन-इनमध्ये वाळूचा प्रवाह हाच उद्यानाचा प्राण होतो. शब्द राहिला, आशय पालटला.

उलट बाजूही पाहावी. १७ व्या शतकात कात्सुरा प्रासादाच्या उद्यानात तळेच पुन्हा केंद्रस्थानी आले. त्याच शतकात, १६४१ साली, कवी इशिकावा जोझान याने क्योतोत शिसेनदो बांधले. तेथे आजही शिशिओदोशी वाजते: पाण्याने भरताच कलंडणारी आणि रिकामी होताच दगडावर आपटणारी बांबूची नळी. आज आपण तिच्यात ध्यानस्थ शांतता ऐकतो. मुळात ती रानडुकरे आणि हरणे पळवण्याचे साधन होती. एदो काळातील सुइकिनकुत्सुचेही तसेच. हात धुण्याच्या कुंडीखाली पालथे पुरलेले भांडे, त्यात ठिबकणारे सांडपाणी आणि त्यातून उमटणारा नाद.

तेव्हा तळे, वाळू आणि थेंब या एकाच शिडीच्या पायऱ्या नव्हेत; त्या शेजारी नांदलेल्या रीती आहेत. नंतरचा अर्थ आधीच्या शब्दावर लादला, की इतिहास सुबक होतो आणि ग्रंथ मात्र वाचायचा राहून जातो. साहित्याच्या अभ्यासकाला हा धोका परका नाही.