फोल्कबोट : पंचांनी घडविलेली नौका

डेन्मार्क आणि नॉर्वे हे दोन्ही देश जर्मन सैन्याने व्यापलेले असताना आणि तटस्थ स्वीडनलाही उद्याची शाश्वती नसताना, इ. स. १९४१ मध्ये उत्तर युरोपातील नौकायन संघाने एका लहान शिडाच्या नौकेच्या आराखड्यासाठी स्पर्धेचा जाहीरनामा काढावा, ही गोष्ट आज वाचताना काहीशी अविश्वसनीय वाटते. शर्ती मात्र अगदी संसारी होत्या. बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडेल अशी, कुटुंबासह चार दिवस बेटाबेटांतून हिंडता येईल अशी, वादळी पाण्यात भरवशाची आणि तरीही शर्यतीत उतरविता येईल इतकी चपळ नौका त्यांना हवी होती. तोवर शर्यतीची नौका हा श्रीमंतांचा शौक होता, आणि सहलीची नौका बहुधा संथच असे.

एकूण ५८ आराखडे दाखल झाले. पंचांनी ते तपासून जो निवाडा दिला तो असा, की यांपैकी एकही सर्वांगपरिपूर्ण नाही; सबब काही उत्तम आराखड्यांतील गुण एकत्र करून नवाच आराखडा सिद्ध करावा. ते रेखाटनाचे काम तूर्द सुंदेन या स्वीडिश आरेखकाकडे आले, आणि १९४२ च्या वसंत ऋतूत गोथेनबर्ग येथे पहिली फोल्कबोट पाण्यात उतरली. समितीने घडविलेल्या वस्तूंविषयी माझे मत एरवी फारसे अनुकूल नाही; अनेकांच्या सूचना मान्य करता करता वस्तूचा डौल हरपतो, असाच अनुभव येतो. ही नौका त्या नियमाला सणसणीत अपवाद ठरली.

तिची लांबी ७.६४ मीटर, रुंदी २.२० मीटर आणि पाण्याखालची खोली सुमारे १.२० मीटर. एकंदर वजन दोन टनांच्या आत, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भार कण्याखाली जडविलेल्या लोखंडाचा. त्यामुळे वाऱ्याने कलंडलेली नौका पुन्हा सावरते, ती खलाशाच्या चातुर्यापेक्षा या लोखंडाच्या बळावर. आपल्या कोकणातील सुतार गलबताच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवितात. येथे मात्र उत्तरेकडील प्राचीन परिपाठाप्रमाणे प्रत्येक फळी खालच्या फळीवर किंचित चढविलेली असते. कण्याची रेघ लांब असल्याने नौका आपला मार्ग सहसा सोडत नाही, आणि सुकाणू थेट पिछाडीच्या फळीवर टांगलेले असल्याने त्याची डागडुजी सोपी जाते. आतल्या खोलीत ताठ उभे राहता येत नाही. परंतु छत उंच केले असते तर नौकेचे रूप आणि वेग दोन्ही बिघडले असते, हे पंचांनी ओळखले, यात त्यांचा विवेक दिसतो.

शिडे दोनच : मोठे १७ चौरस मीटरचे आणि पुढचे ७ चौरस मीटरचे. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. या योजनेचे पुरस्कर्ते स्वेन सालेन हे स्वीडनमधील जहाजमालक, डोलकाठीच्या मागेपर्यंत पोहोचणारे ‘जेनोआ’ नामक विशाल पुढचे शीड शर्यतींत रूढ केल्याबद्दल प्रसिद्ध होते. आणि त्यांच्याच आश्रयाने जन्मलेल्या या नौकेच्या नियमांत ते शीड वर्ज्य आहे. वाऱ्याच्या दिशेने धावताना उभारावयाचे फुगीर शीडही तेथे चालत नाही.

या कडकपणातच तिच्या दीर्घायुष्याचे खरे कारण आहे, असे मला वाटते. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये काचतंतूच्या फोल्कबोटी तयार होऊ लागल्या, तेव्हा त्या हलक्या करून जुन्या लाकडी नौकांना निकालात काढणे सहज शक्य होते. पण आकार तोच, वजन तेच, इतकेच काय, एकावर एक चढलेल्या फळ्यांच्या ज्या कडा आता निरुपयोगी होत्या त्याही साच्यात हुबेहूब उतरविण्यात आल्या. म्हणून बापाने घेतलेल्या लाकडी नौकेतून मुलगा नव्या नौकांशी बरोबरीने शर्यत करू शकतो. नव्याच्या हव्यासाने जुन्या मालकांची मालमत्ता मातीमोल करण्याचा शर्यतीच्या नौकांच्या अन्य वर्गांतील प्रघात पाहिला, म्हणजे या संयमाची किंमत कळते.

महासागराची परीक्षाही तिने दिली. १९६० साली प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने नौका नेण्याची पहिली शर्यत झाली, तीत उतरलेल्या पाच नौकांपैकी दोन फोल्कबोटीच होत्या. पैकी ‘जेस्टर’ ही ब्लाँडी हॅस्लर यांची. याच हॅस्लरांनी १९४२ मध्ये लहान होड्यांतून जाऊन बोर्दोच्या बंदरातील जर्मन जहाजांवर छापा घातला होता. त्यांनी मूळची शिडे काढून चिनी पद्धतीचे एकच शीड बसविले आणि ४८ दिवसांत दुसरा क्रमांक मिळविला. पहिले आलेले फ्रान्सिस चिचेस्टर यांना त्याहून बऱ्याच मोठ्या नौकेत ४० दिवस लागले होते.

या नौकेचे पितृत्व कोणाचे, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला. पंच म्हणत, कल्पना अनेकांच्या. सुंदेन म्हणत, रेषा माझ्या. अखेर १९६० च्या दशकात त्यांनी काचतंतूची, गुळगुळीत बाजूंची, थोडी अधिक ऐसपैस अशी निराळी नौका रेखाटली, जी ‘आयएफ’ या नावाने हजारोंच्या संख्येने बांधली गेली आणि जिच्या आराखड्यावर त्यांच्या एकट्याचेच नाव आहे.