तुळईच्या फटीपासून टांगलेल्या खोक्यापर्यंत

बुलडाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, जुन्या धाब्याच्या घरात चिमणीसाठी वेगळी सोय करावी लागत नसे. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचन आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं मूठभर फट राहायचीच. ती फट चिमणीची. तसबिरीच्या मागची जागाही तिचीच. कडब्याच्या काड्या, सुतळीचे धागे, कोंबडीचं पीस, वेचणीतून सांडलेला कापूस एवढ्यावर तिचा संसार उभा राहायचा. घरातली बाई केर काढताना कुरकुर करायची, पण अंड्यांवर बसलेल्या चिमणीचं घरटं ओढून टाकायला तिचाही हात धजत नसे.

मग स्लॅबची घरं आली. भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि ती मूठभर फट बुजली. आज परसातल्या लिंबाखाली किंवा गच्चीच्या कठड्याशी जे लाकडी खोकं टांगलेलं दिसतं, ते त्या बुजलेल्या फटीची भरपाई आहे. मात्र पाखरांसाठी घर टांगण्याची कल्पना मुळात दयेतून निघालेली नाही. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत हॉलंड-बेल्जियमकडे घरांच्या भिंतींवर मातीची मडकी आडवी टांगत. त्यांत चिमण्या आणि साळुंकीच्या जातीचे पक्षी घरटी करत. मडक्याला मागच्या बाजूनं हात घालण्यापुरतं भोक असे. पिल्लं अंगानं भरली की मालक मागून हात घालून ती काढून घेई आणि ती स्वयंपाकघरात जात. पाहुण्याला घर द्यायचं ते त्याची लेकरं खाण्यासाठी!

एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होण्याच्या सुमारास जर्मनीतल्या बॅरन फॉन बर्लेप्श यांनी सुतारपक्ष्याच्या ढोलीचा अभ्यास करून तशा आकाराची लाकडी घरटी बनवून घेतली. त्यांचा हेतू शेतकऱ्याला समजेल असा होता. पिल्लं वाढवणारी पाखरं दिवसभर अळ्या टिपतात, म्हणजे बाग आणि रान राखायला फुकटचा राखणदार मिळतो. खाण्यासाठी टांगलेलं घर आता राखणीसाठी टांगलं जाऊ लागलं. नुसतं पाहण्यासाठी ते टांगण्याची रीत रुळायला मात्र वेळ लागला.

पाहण्याचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या मुंबईची आहे. 1906-07च्या सुमारास खेतवाडीत दहा वर्षांचा एक मुलगा तबेल्यातलं चिमणीचं घरटं न्याहाळत होता. भिंतीतल्या भोकात मादी अंड्यांवर बसलेली आणि बाहेर खिळ्यावर चिमणा पहाऱ्याला. मुलानं उभ्या असलेल्या घोडागाडीच्या आडून छऱ्याच्या बंदुकीनं चिमणा टिपला. थोड्याच वेळात खिळ्यावर दुसरा चिमणा हजर! तोही मारला, तर तिसरा आला. पुढच्या सात दिवसांत त्यानं तिथले आठ चिमणे मारले आणि हे सारं वहीत नोंदवून ठेवलं. हा मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. 1985 साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही नोंद न लपवता दिली आहे.

वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या नोंदीत एक मोठी गोष्टही दडलेली आहे. चिमण्यांना तोटा नव्हता. दुर्मीळ होतं ते भिंतीतलं भोक आणि तिथं बसलेली मादी. बिनघराचे कितीतरी नर आसपास वाट पाहत होते. परसातल्या एका खोक्यासाठी पाखरं एवढी का भांडतात, याचं उत्तर इथं मिळतं.

पुढे 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला हेच सलीम अली शिडीवर आडोशाला बसून सुगरणीची घरटी पाहत होते. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच संसार सुरू होतो आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी टिपलं. संशोधनासाठी नमुने गोळा करताना त्यांनी बंदूक पुढेही वापरली. पण घरट्यापाशी काय घडतं हे कळायला बंदूक लागत नाही, बैठक लागते, हे किहीमच्या त्या शिडीनं दाखवलं.

ही बैठक आपल्या परसातही जमते. सव्वा इंचाचं गोल भोक असलेलं लाकडी खोकं आठ-दहा फुटांवर, मांजर चढणार नाही असं टांगावं. पश्चिमेचं ऊन टाळावं. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याचं खोकं म्हणजे पिल्लांसाठी तवाच. पहिल्यांदा काळ्या गळ्याचा चिमणा भोकाशी बसून सतत चिवचिवतो, जागा आपली असल्याचं सांगतो. मग काड्यांची ने-आण सुरू होते. तीन ते पाच अंडी, बारा-तेरा दिवसांची ऊब आणि पुढच्या साधारण पंधरवड्यात पिल्लं बाहेर. या काळात झाकण उघडून पाहायचा मोह आवरावा लागतो.

2010पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात आणि त्या निमित्तानं खोकी वाटली जातात. 2020च्या देशव्यापी पक्षी अहवालानं दाखवलं की चिमणी देशभरात एकंदर टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र तिची संख्या घटली आहे. म्हणजे आपल्यासारख्या जिल्ह्यांच्या हातात अजून पुष्कळ काही आहे. पण नुसतं खोकं पुरत नाही. दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. परसात फवारणी आणि फरशी एवढंच उरलं, तर तिनं चोचीत काय आणायचं?

धाब्याच्या घरानं चिमणीला फट दिली ती न ठरवता. आता ती ठरवून द्यायची आहे, भोवती थोडी माती आणि एखादं झुडूप राखून. मागून हात घालायचं भोक मात्र त्या घराला ठेवायचं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)