माजी आमदारांची पेन्शन : कायदा काय, आकडा किती आणि जव्हार-मोखाड्याने काय विचारायचे

निवडणूक हरलेला किंवा तिकीट कापले गेलेला पुढारी घरी बसतो, पण गप्प बसत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत तो असतो, वर्तमानपत्रात त्याचा लेख असतो, गावातल्या उद्घाटनाच्या बॅनरवर त्याचा फोटो असतो. 'माजी आमदार' ही पदवी जन्मभराची आहे. त्यांनी बोलावे, त्यात गैर काहीच नाही. पण हल्ली यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "तिजोरीवर किती बोजा टाकायचा? लोकांना फुकट घ्यायची सवय लागली." कधी हे शिक्षकांच्या जुन्या पेन्शनबद्दल असते, कधी लाडक्या बहिणींच्या दीड हजाराबद्दल.

अशा वेळी ऐकणाऱ्याला एवढे तरी माहीत पाहिजे, की बोलणाऱ्याला स्वतःला त्याच तिजोरीतून महिन्याला किती मिळतात. आमच्या शाळेत, नात्यागोत्यात, लग्नाच्या पंगतीत या विषयावर पुष्कळ बोलले जाते आणि त्यात ऐकीव आकडेच जास्त असतात. म्हणून खात्रीची माहिती येथे एकत्र देत आहोत.

कायदा कुठून आला?

आमदारांचे पगार आणि भत्ते किती असावेत, हे राज्याच्या विधिमंडळानेच कायदा करून ठरवायचे, असे राज्यघटनेचे कलम १९५ सांगते. खासदारांसाठी असेच कलम १०६ आहे. दोन्ही कलमांत पगार आणि भत्ता हे शब्द आहेत. पेन्शन हा शब्द नाही. पेन्शन पुढे साध्या कायद्याने आली. संसदेने १९७६ मध्ये खासदारांच्या पगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून ती सुरू केली आणि महाराष्ट्राचा 'विधानमंडळ सदस्यांचे निवृत्तीवेतन अधिनियम' हाही १९७६ चाच.

जव्हारच्या वाचकांना यात एक गोष्ट लगेच लक्षात येईल. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि इतर संस्थानिकांप्रमाणे इथल्या राजांनाही तनखा सुरू झाला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे काँग्रेसतर्फे लोकसभेतही गेले. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने देशातले सगळे तनखे बंद झाले. काम न करता सरकारी खजिन्यातून जन्मभर पैसे घेणे लोकशाहीत बसत नाही, असे तेव्हा सांगितले गेले. त्यानंतर अवघ्या ५ वर्षांत लोकप्रतिनिधींची पेन्शन आली. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. राजाला तनखा जन्माने मिळत होता, आमदाराला पेन्शन लोकांनी निवडून दिल्यामुळे मिळते. पण ज्या कारणासाठी तनखा गेला, त्या कारणाची आठवण ठेवायला हरकत नाही.

या पेन्शनविरुद्ध 'लोकप्रहरी' या संस्थेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. म्हणजे माजी खासदारांची पेन्शन बेकायदा नाही. ती किती असावी हा प्रश्न संसदेचा आणि विधिमंडळाचा, पर्यायाने मतदारांचा आहे.

आमदारांना किती मिळते?

ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या शेवटी पगार-पेन्शन वाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. सत्ताधारी आणि विरोधक दोघांचेही त्यावर एकमत होते. त्या सुधारणेनुसार माजी आमदाराची पेन्शन दरमहा ४०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये झाली. ५ वर्षांच्या पुढे जेवढी वर्षे आमदारकी, तेवढ्या प्रत्येक वर्षाला दरमहा २,००० रुपये जादा. हिशोब सोपा आहे :

- एक टर्म (५ वर्षे) : ५०,००० रुपये
- दोन टर्म (१० वर्षे) : ६०,००० रुपये
- तीन टर्म (१५ वर्षे) : ७०,००० रुपये
- पाच टर्म (२५ वर्षे) : ९०,००० रुपये

आमदाराच्या पश्चात पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. वैद्यकीय खर्चाची सोय आणि एसटीचा मोफत प्रवास वेगळा. विधानसभा आणि विधान परिषद, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना हा कायदा लागू आहे.

खासदारांचे गणित वेगळे

माजी खासदारांची पेन्शन १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० वरून ३१,००० रुपये झाली. तशी अधिसूचना मार्च २०२५ मध्ये निघाली. ५ वर्षांपुढील प्रत्येक वर्षाला २,५०० रुपये जादा. म्हणजे दोन टर्मच्या खासदाराला ४३,५०० रुपये. खासदारांच्या कायद्यात आणखी एक सोय आहे : दुसरी कुठली पेन्शन मिळत असली तरी ही पेन्शन त्याशिवाय मिळते. शिवाय २०१८ पासून खासदारांचा पगार आणि पेन्शन महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली आहे. दर ५ वर्षांनी ती आपोआप वाढते, त्यासाठी सभागृहात कुणाला हात वर करावा लागत नाही.

बाकीच्यांच्या म्हातारपणाचा हिशोब

आता इतरांकडे बघू. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना आणि आमच्यासारख्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते, की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. त्यावर मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना आणली आणि राज्य मंत्रिमंडळानेही तिला मान्यता दिली. त्या योजनेत निम्म्या पगाराएवढ्या पेन्शनसाठी २५ वर्षांची सेवा लागते. १० वर्षांच्या सेवेला दरमहा किमान १०,००० रुपये.

कर्मचाऱ्याला जिथे १० वर्षांनंतर १०,००० रुपयांची खात्री मिळते, तिथे आमदाराला ५ वर्षांनंतर ५०,००० रुपयांची मिळते. बोजा हा शब्द मात्र आम्ही फक्त पहिल्यासाठीच ऐकला आहे.

त्याहून खाली उतरू. ज्यांच्या हातात पगाराची स्लिप कधीच आली नाही, अशा ६५ वर्षांवरील गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आहे. जुलै २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. संजय गांधी निराधार योजनेचेही तेवढेच. दिव्यांगांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आली. एका टर्मच्या माजी आमदाराची एका महिन्याची पेन्शन म्हणजे श्रावणबाळच्या एका म्हातारीची ३३ महिन्यांची पेन्शन. पावणेतीन वर्षे!

श्रावणबाळला उत्पन्नाची अट आहे : वर्षाला २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची आहे, पण ती योजना ६५ व्या वर्षी संपते. परिणाम असा, की ६४ व्या वर्षापर्यंत ज्या बाईला दीड हजार मिळतात, ती ६५ ओलांडली की २१,००० च्या अटीत अडकून बाहेर पडू शकते. बाई तीच, घर तेच. वय वाढले, गुडघे दुखायला लागले आणि पैसे थांबले. माजी आमदाराच्या पेन्शनला मात्र उत्पन्नाची अट नाही. त्याच्याकडे पेट्रोल पंप असो, शिक्षणसंस्था असो की काहीच नसो, पेन्शन सारखीच.

ऑगस्ट २०१६ : दोन बातम्या

जव्हार-मोखाड्यासाठी ऑगस्ट २०१६ हा महिना विसरण्यासारखा नाही. महिन्याच्या सुरुवातीला मुंबईत पगार-पेन्शनची वाढ मंजूर झाली. महिन्याच्या अखेरीस मोखाडा तालुक्यातल्या खोच इथे एका लहान मुलाचा कुपोषणाने मृत्यू झाल्याची बातमी आली. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री विष्णू सवरा, जे याच विक्रमगड मतदारसंघाचे आमदार होते, तिथे गेले तेव्हा त्यांना गावकऱ्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही पालघरच्या बालमृत्यूंबद्दल राज्य सरकारला नोटीस काढली.

सवरासाहेब आता हयात नाहीत. एका माणसाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुले दगावली, तेव्हाही राज्य हादरले होते. मधल्या काळात कितीतरी आमदार आले आणि माजी झाले. दिवाळी झाली की इथली कुटुंबे आजही वीटभट्टीवर जातात. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचे मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी देते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. पाच वर्षांचे काम कसे झाले, यावर पेन्शन अवलंबून नसते, हे समजायला आपल्या तालुक्यांइतके चांगले उदाहरण नाही.

मग पेन्शन नकोच का?

नाही, आम्ही एवढे टोकाचे म्हणणार नाही. लोकप्रतिनिधीला पैसे मिळाले नाहीत, तर फक्त श्रीमंतच निवडणूक लढवतील. शेजारच्या डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले २०१९ मध्ये निवडून आले, तेव्हा शपथपत्रातल्या मालमत्तेवरून विधानसभेतले सर्वांत गरीब आमदार म्हणून त्यांची बातमी झाली होती. मालमत्ता होती सुमारे ५१ हजार रुपये. अशा माणसाने आयुष्य लोकांसाठी घालवले आणि उद्या पद गेले, तर त्याने कुणाच्या दारात जावे? म्हातारपणाची सोय असेल तर माणूस पदावर असताना हात मारण्याचा विचार कमी करील, हा मुद्दाही खोटा नाही.

म्हणून पेन्शन असावी की नसावी, यापेक्षा ती कुणाला, किती, कुठल्या अटीवर आणि कुणी ठरवायची, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

इतर राज्यांनी काय केले?

पालघरची उत्तरेची हद्द ज्या गुजरातला लागते, तिथे माजी आमदारांना पेन्शनच नाही. तलासरी ओलांडली की नियम बदलतो, आणि त्यामुळे तिथे निवडणुकीला उमेदवार मिळत नाहीत असे काही झालेले नाही. पंजाबमध्ये प्रत्येक टर्मला वेगळी पेन्शन जोडली जायची. २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा झाला. हिमाचल प्रदेश विधानसभेने २०२४ मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांची पेन्शन बंद करणारे विधेयक मंजूर केले. म्हणजे मनात आणले तर सभागृह स्वतःचे नियम बदलू शकते.

आपण काय करू शकतो?

१. घरातल्या बुजुर्गांचे अर्ज आधी करा. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांचे अर्ज जव्हार आणि मोखाडा तहसील कार्यालयात घेतले जातात. वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा, रेशनकार्ड आणि आधार जोडलेले बँक खाते लागते. विधवा, तलाक झालेल्या आणि नवऱ्याने सोडलेल्या स्त्रियांना ६५ वर्षांच्या आधी संजय गांधी योजना लागू होऊ शकते. हयातीचा दाखला वेळेवर द्या. तो राहिला तर पैसे थांबतात.

२. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट. हा हक्क माजी आमदाराएवढाच तुमच्या अब्बांचाही आहे.

३. माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचे शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माजी आमदारांच्या पेन्शनवर गेल्या वर्षी एकूण किती खर्च झाला, हे विधानमंडळ सचिवालयाला विचारता येते. आपल्या तालुक्यात श्रावणबाळचे किती अर्ज पडून आहेत, हे तहसीलला विचारता येते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचा.

४. मत मागायला येईल त्याला तीन प्रश्न विचारा. पेन्शनवाढीचे विधेयक आले तर त्यावर चर्चेची मागणी कराल का? उत्पन्नाची अट मान्य कराल का? श्रावणबाळची २१,००० ची मर्यादा वाढवायला सभागृहात उभे राहाल का?

राहिला प्रश्न निवृत्त पुढाऱ्यांच्या बोलण्याचा. त्यांचे अनुभवाचे बोल आपल्याला हवे आहेत. कुठल्या खात्यात फाइल अडते, टँकरचे पैसे कुठे मुरतात, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत? ते त्यांनी नाव घेऊन सांगावे. पण काटकसरीचा उपदेश करायचा असेल, तर आधी आपला आकडा सांगून मग बोलावे. सरकारी खजिना ही सगळ्यांची अमानत आहे. तिच्यातून ५०,००० घेणाऱ्याने १,५०० घेणाऱ्या म्हातारीला फुकटी म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.