गोळा खरा की गणित?

नांदेडच्या पुलावरून गोदावरीत टाकलेला नारळ पुढच्या पुलापर्यंत किती वेळात पोचतो, हे घड्याळात पाहिले की पाण्याचा वेग मिळतो. लातूरकडची मांजराही पुढे गोदावरीलाच मिळते आणि हे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. समुद्रातही वेग मोजायची युक्ती हीच. फक्त नारळाऐवजी प्लॅस्टिकचा गोळा आणि त्याखाली, सुमारे १५ मीटर खोलीवर, भोके पाडलेली लांब कापडी नळी. नळीमुळे गोळ्याला वारा नव्हे, पाणी ओढते. तो कुठे पोचला ते उपग्रहामार्फत कळते.

अशा तरत्या मापकांच्या नोंदींवरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, साजी आणि आल्मेडा यांनी १९९९ मध्ये उष्णकटिबंधीय हिंदी महासागरातील प्रवाह आणि त्यांची गतिज ऊर्जा काढली. ऊर्जा कशासाठी? कारण सरासरी वेग फसवतो. प्रवाह आज सेकंदाला ४० सेंमी पूर्वेकडे आणि उद्या तितकाच पश्चिमेकडे वाहिला, तर सरासरी शून्य! ऊर्जेत मात्र वेगाचा वर्ग येतो, ती शून्य होत नाही. म्हणून संगणकीय प्रारूपाची खरी परीक्षा ऊर्जेवर होते.

दोघांचे जमले नाही की मोजमाप करणारे आम्ही लगेच संगणकाला दोष देतो. पण २०११ मध्ये उलटेच उघडकीस आले. मापकांच्या नोंदींत प्रवाह वर्षानुवर्षे जोर धरताना दिसत होते. प्रत्यक्षात अनेक गोळ्यांची नळी केव्हाच तुटून गेली होती आणि ती शाबूत आहे असे आपण धरून चाललो होतो. वाऱ्याचा धक्का प्रवाहाच्या खात्यावर जमा होत होता.

२०२२ मध्ये ब्रायन आर्बिक आणि सहकाऱ्यांनी दोन प्रारूपे मापकांशी ताडून पाहिली. नळीचे आणि बिननळीचे मापक वेगळे ठेवून. या वेळी चूक एका प्रारूपात निघाली. जोराचा वारा थांबल्यावरही पृथ्वीच्या परिवलनामुळे पाणी गोल गोल फिरत राहते. १२ ला अक्षांशाच्या साइनने भागले की एका फेरीचे तास मिळतात. नांदेडच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंशांवर, उपसागरात सुमारे ३७ तास. ४५ अंशांवर फक्त १७. त्या प्रारूपाला वाऱ्याचे आकडे दर सहा तासांनी दिले जात. सतरा तासांच्या फेरीत पुरते तीनही नाहीत! साहजिकच या फिरण्याची ऊर्जा त्यात फार कमी आली. ज्याला वारा अधिक वेळा कळवला जाई, ते दुसरे प्रारूप मापकांच्या बरेच जवळ गेले.

लातूरचा अक्षांश १८.४ अंश. वर्गात फेरीचे तास काढून पाहा. ३८ च्या आसपास यायला हवेत.