छपरावरची नळी

२०१८ च्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. जावयांनी एक जुना कॅम्पर घेतला होता. कॅम्पर म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, बिछाने, छोटीशी मोरी आणि कोपऱ्यात इवलासा संडास. खाली दोन टाक्या. एकीत ओट्या-मोरीचं पाणी साठतं, दुसरीत मैला. पहिल्याच मुक्कामाला रात्री असा काही वास सुटला, की आम्ही सगळे बाहेर खुर्च्या टाकून बसलो!

पुढच्या रविवारी लेक छपरावर चढली. "आई, तू फक्त शिडी धर," म्हणाली. टाकीतून एक नळी भिंतीच्या आतून थेट छपरावर जाते. तिच्यावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकली होती. ती काढली तेव्हा खरा घोळ कळला. छपराला पाडलेलं भोक नळीपेक्षा मोठं होतं आणि नळी छपराच्या खालीच संपत होती. म्हणजे वायू बाहेर न जाता छताच्या पोकळीत पसरायचा आणि तिथून आमच्या डोक्यावर! तिने तुकडा जोडून नळी छपराच्या वर काढली, फट बुजवली, जुना चिकटा खरवडला, नव्या टोपीखाली चिकटपट्टी लावली, स्क्रू पिळले आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून लुकण फासलं. टोपीची घडणच अशी, की वारा वाहू लागला की आतली हवा वर ओढली जाते.

ही नळी कशाला हवी? तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, तशीच ही गोष्ट. टाकी भरताना आतली हवा बाहेर जायला हवी, रिकामी करताना हवा आत यायला हवी. नाहीतर ती मिळेल तिथून वाट काढते.

शिडी धरून उभी होते आणि माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला बाक देऊन त्याचं पेटंट घेतलं. बाकात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि खालचा वास अडवतं. आपले प्लंबर ज्याला 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात, त्यातही हीच युक्ती. बाकभर पाणी, एवढाच काय तो पहारेकरी. पण खाली जोरात पाणी गेलं की ओढीने तेही निघून जातं आणि दार सताड उघडं पडतं. त्यावर उपाय म्हणजे छपरापर्यंत नेलेली हवेची नळी.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला एवढी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या पडद्यांना क्लोराइड ऑफ लाइम लावावं लागलं. मग जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनखाली मोठी गटारं बांधली. घरं गटारांना जोडली गेली आणि नवीच भीती आली, गटारातल्या वायूची. वासातूनच रोग होतो, अशी तेव्हा मोठमोठ्यांची समजूत होती. १८७१ साली खुद्द युवराज एडवर्ड यांना विषमज्वर झाला. स्कारबरोच्या ज्या घरी ते पाहुणे होते, तिथेच उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल त्याच तापाने गेले. बोट दाखवलं गेलं ते घराच्या सांडपाण्याच्या नळ्यांकडे. घरोघरी त्या तपासून घेण्याची धांदल उडाली. लंडनच्या रस्त्यांवर गटारांचा वायू उंच सोडणारे लोखंडी खांब उभे राहिले. त्यांतले काही अजून आहेत.

गंमत म्हणजे कारण चुकीचं होतं. विषमज्वर वासाने होत नाही, दूषित पाण्या-अन्नातून होतो. त्याचा जंतू १८८० मध्ये एबर्टने दाखवला. चुकीच्या समजुतीतून नळी मात्र बरोबर बसली! इतिहासात असं पुष्कळदा होतं.

पण तो वायू निरुपद्रवी होता असंही नाही. त्यातला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा घाण वास मारतो. प्रमाण वाढलं की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. वास आला म्हणजे धोका कळला. वास येईनासा झाला की माणूस कोसळतो.

दुसऱ्या सहलीत वास आला नाही. परतताना तळावरच्या गटाराच्या तोंडाशी गाडी थांबली. जावयांनी हातमोजे चढवले, जाड नळी लावली, आधी मैल्याची टाकी सोडली, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. शेजारच्या गाडीचे म्हातारे गृहस्थही तेच करत होते. ज्याचं त्याने काढायचं. कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

मला आमच्या वाड्यामागचा बोळ आठवला. माझ्या लहानपणी तिथे टोपलीचे संडास होते. एक बाई रोज सकाळी येऊन टोपली डोक्यावरून न्यायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही.

टोपली गेली, सेप्टिक टँक आले, गच्चीच्या वर जाळी लावलेला पाइप आला. वास आकाशात गेला, माणूस मात्र टाकीत उतरतच राहिला. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात गेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आलं.

वर्गात मी मुलांना मोहेंजोदडोची गटारं शिकवायचे. सरळ, विटांची, झाकलेली. परीक्षेत हमखास पाच गुण! ती साफ कोण करत असेल, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. आता नातवंडांना विचारते.