गांजा नसलेला गांजा

अमळनेरला बोरी नदीकाठी बसणाऱ्या जुन्या मंडळींत गांजाचा विषय निघाला की तो हसण्यावारी जातो. तकियातला फकीर, जत्रेतला साधू, चिलमीला गुंडाळलेली ओली छापी. शेवटी एक वाक्य ठरलेलं, "पूर्वीही लोक ओढतच होते की!" आमच्या गल्लीतल्या एका मुलाला शिक्षण अर्धवट सोडवून पुण्याहून घरी आणलं, तेव्हाही असाच दिलासा दिला गेला. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "भाऊ, गांजाने पोराला फिट येते का?" या प्रश्नाच्या उत्तरासाठी थोडा इतिहास चाळावा लागतो.

इंग्रजी अमलात गांजा चोरीचा माल नव्हता. तो सरकारच्या अबकारी उत्पन्नाचा भाग होता. मध्य प्रांतात त्याची लागवड निमाड जिल्ह्यापुरती ठेवली होती आणि माल खांडव्याच्या सरकारी कोठारातून जात असे. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर याच निमाडात येते, म्हणजे हा मुलूख खानदेशाच्या अंगणातलाच. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन यांनी प्रश्न विचारला आणि सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्यात तीन हिंदी सदस्य होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये निष्कर्ष दिला की माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी नको.

या अहवालातला एक भाग फारसा कोणी सांगत नाही. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या. त्या भरवशाच्या नव्हत्या. वेडाचं कारण कळलं नाही की 'गांजा' लिहून मोकळं व्हायचं, अशी रीत पडली होती. म्हणजे जे गांजाचं नव्हतं तेही गांजाच्या नावावर मांडलं गेलं. आज दुसऱ्या रीतीने तेच घडतं आहे.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, वेगळं काढून त्याची रचना मांडली. पुढे अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठातले जॉन हफमन यांनी मेंदूतल्या त्याच ग्राहींवर काम करणारी शेकडो नवी संयुगं बनवली. हेतू संशोधनाचा होता. पण सूत्रं छापील होती, ती व्यापाऱ्यांनी उचलली. कुठला तरी वाळलेला पाला घ्यायचा, रसायन द्रावकात विरघळवून त्यावर फवारायचं आणि रंगीत पाकिटात भरायचं. 'स्पाइस' नावाने युरोपात विकल्या जाणाऱ्या पाल्यात २००८ च्या अखेरीस हफमन यांचं जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. हे ओढणं म्हणजे जिवाशी खेळ, असं खुद्द हफमन यांनी जाहीरपणे सांगितलं.

टीएचसी त्या ग्राहींना अर्धवट चेतवतं; ही रसायनं पूर्ण चेतवतात. २०१६ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ माणसं रस्त्यावर भान हरपून डोलताना आढळली. त्यांच्या पुडीतलं द्रव्य टीएचसीच्या सुमारे ८५ पट तीव्र होतं. २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात अशाच मालात उंदीर मारायचं औषध मिसळलेलं निघालं. दीडशेहून अधिक लोकांना रक्तस्राव झाला, काही दगावले. फवारणी सारखी होत नाही, त्यामुळे एकाच पुडीतली एक चिमूट काहीच करत नाही आणि दुसरी माणसाला आडवं करते. छाती धडधडणं, भास, झटके, मूत्रपिंड निकामी होणं हे सारं नोंदलेलं आहे. यावर खास उतारा नाही. गांजासाठीची नेहमीची लघवीची तपासणी यात काही दाखवत नाही, आणि घरचे बिनघोर राहतात.

याचा अर्थ गांजा निर्धोक असा नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने तो गुन्हा ठरवला, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर तालुक्यात पिकांच्या आडची गांजाची शेती पोलीस आजही उपटतात. अतिसेवनाचा इशारा १८९४ च्या आयोगानेही दिला होता. पण त्या आयोगाने तपासलं ते शेतात उगवलेलं झाड होतं. पुडीतल्या रसायनाला त्याचा दाखला लागू होत नाही.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, "तुमच्या पोराने ओढलं ते कदाचित गांजा नसेलच. तपासणीत काही निघालं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पुडी उरली असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि काय ओढलं हे त्याला न रागावता विचारा." ते उठता उठता म्हणाले, "आम्ही तर गांजाच समजून गप्प बसलो होतो."