बारचं काउंटर कसं लांबलं

बार म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते लांबलचक काउंटर. अलीकडे माणसं, पलीकडे बाटल्या. पण इंग्लंडमधल्या जुन्या गुत्त्यांत हे काउंटर नव्हतंच. घरासारखं घर असे आणि शेगडीभोवती बाकं. गिऱ्हाईक बसलं की पोऱ्या तळघरात उतरायचा, पिंपाची तोटी सोडून मग भरायचा आणि वर आणून द्यायचा. बार होता, पण तो म्हणजे दारू आणि गल्ला सांभाळायची कडीकुलपातली लहानशी खोली. गिऱ्हाईक जागेवर बसायचं, ये-जा पोऱ्याची.

हे चित्र लंडनमध्ये पालटलं, आणि त्याला कारण झाली जिन. १८२५ च्या सुमारास सरकारनं कर उतरवला आणि जिन स्वस्त झाली. जिनचा लहान पेला दोन घोटांत संपतो, त्यासाठी बैठक मारावी लागत नाही. म्हणून तिच्या विक्रेत्यांनी नमुना घेतला तो गुत्त्याचा नव्हे, उंची मालाच्या दुकानाचा. मोठ्या काचा, गॅसचे झगझगीत दिवे, खोलीच्या रुंदीभर पसरलेलं महॉगनीचं काउंटर आणि त्यामागे रंगवलेली पिंपं. बाकांना जवळपास रजाच मिळाली. जागा शक्यतो कोपऱ्यावरची, म्हणजे दोन रस्त्यांवर दोन दारं. आत या, पैसे टाका, प्या आणि निघा. १८३४ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे या दुकानांची मोजणी आली: लंडनमधल्या १४ मोठ्या दुकानांत एका आठवड्यात अडीच लाखांवर माणसं शिरली होती. म्हणजे दर दुकानी दिवसाला सरासरी अडीच हजारांवर! एवढ्यांना बसवून पाजायला वाडे बांधावे लागले असते. काउंटरनं ते एका खोलीत साधलं.

बिअरचं मात्र एवढ्यानं भागत नव्हतं. ती मापानं मोठी आणि थंडाव्यासाठी तळघरात ठेवलेली. काउंटर कितीही लांब केलं तरी पोऱ्याच्या जिन्यावरच्या खेपा चुकत नव्हत्या. त्या वाचवणाऱ्या हातपंपाचं पेटंट कुलपं आणि जलदाबयंत्रामुळे गाजलेल्या जोसेफ ब्रामानं १७९७ मध्येच घेतलं होतं. काउंटरवरचा दांडा ओढला की तळघरातल्या पिंपातून बिअर नळीवाटे वर येते. बारच्या मांडणीतला सर्वांत मोठा शोध मी यालाच मानतो. विकणारा एका जागी उभा राहू शकला, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे चालत आलं.

पुढचा पेच लांबीचा होता. काउंटरशी उभ्या माणसाला दोन-अडीच फूट लागतात, आणि काउंटर भिंतीला समांतर असेल तर भिंत संपली की तेही संपतं. उपाय निघाला तो काउंटर वाकवण्याचा. ग्लासगोच्या ड्रुरी स्ट्रीटवरचा ‘हॉर्सशू बार’ १८८४ मध्ये जॉन स्कौलरनं घेतला. तिथलं नालेच्या आकाराचं काउंटर १०४ फुटांचं आहे. सरळ ठेवलं असतं तर ते त्या खोलीत मावलंच नसतं. आतल्या नोकराला चार पावलांत दुसरी बाजू गाठता येते आणि सगळीकडे नजर ठेवता येते. परवाना देणाऱ्या न्यायाधीशांना आडोसे खपत नसत, त्यामुळे मधोमध काउंटर त्यांनाही सोयीचं वाटे.

इंग्लंडात याच मांडणीचा उपयोग वर्गवार वाटणीसाठीही झाला. मध्ये काउंटर आणि भोवती लाकडी-काचेच्या पडद्यांनी पाडलेले कप्पे. मजुरांचं दार वेगळं, बाबूलोकांचं वेगळं. लंडनच्या होबर्न भागातल्या ‘प्रिन्सेस लुईज’मध्ये पुन्हा बसवलेले असे कप्पे पाहायला मिळतात. काही ठिकाणी तर काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला खोदीव काचेच्या छोट्या फिरत्या झडपा असत. झडप लावली की नोकराला पिणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. खालच्या फटीतून पेला सरकायचा, नाणं सरकायचं.

गर्दीनं मांडणीची खरी कसोटी पाहिली ती ऑस्ट्रेलियात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ पासून, तिथल्या अनेक राज्यांत संध्याकाळी सहाला बार बंद करायचा कायदा झाला. काम पाचला सुटायचं. उरायचा एक तास. मालकांनी बिलियर्डच्या खोल्या पाडून काउंटर लांबवलं, भिंतींना धुता येतील अशा फरशा बसवल्या. गर्दीतून काउंटरपर्यंत पोचणं अवघड, म्हणून नोकर लांब नळीची तोटी हातात घेऊन पुढे केलेले पेले जागच्या जागी भरत जायचे. जॉन ब्रॅकच्या १९५४ सालच्या ‘द बार’ या चित्रात त्या तासाचे थकलेले चेहरे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ ला उठला, व्हिक्टोरियात १९६६ ला. दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या कायद्यानं माणसाला घाईघाईनं, उभ्यानं आणि जास्त प्यायला लावलं, आणि त्यासाठी इमारतीही बदलल्या. मला हा त्या कायद्याचा सर्वांत वाईट परिणाम वाटतो.

बायकांना तर त्या काउंटरशी जागाच नव्हती. ३१ मार्च १९६५ रोजी ब्रिस्बेनच्या ‘रेगाटा हॉटेल’मध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझाली बॉग्नर यांनी काउंटरखालच्या, पाय टेकायच्या दांडीला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं. क्वीन्सलँडचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी बदलला.

महाराष्ट्रात उभ्यानं पिण्याची आणि बसून पिण्याची अशा दोन्ही मांडण्या आजही नांदतात. देशीच्या दुकानात काउंटरशी जायचं, क्वार्टर घ्यायची, उभ्यानं संपवायची आणि बाहेर पडायचं. परमिट रूम, जिचं नाव दारूबंदी कायद्याच्या परवान्यावरून पडलं, ती मात्र बैठकीची. गिऱ्हाईक टेबलाशी, पेग आणि चकणा घेऊन येतो तो वेटर. इथे वाट आखायची ती वेटरची, हे नवे मालक अनेकदा विसरतात. काउंटर दाराशी आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या टोकाला असली की भरलेला ट्रे आणि रिकामा ट्रे एकाच बोळात समोरासमोर येतात, त्यातच मुतारीकडे निघालेलं गिऱ्हाईक सापडतं. दोन्ही एका बाजूला घ्यावीत, आणि दोन वेटर एकमेकांना न अडवता उभे राहतील एवढं काउंटर गल्ल्यापासून वेगळं, मोकळं सोडावं.